बुरुडांकडची ठेव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांनी बँकेत कधी नोकरी केली नाही. तरीही मी पाहिलेले पहिले बँकर तेच. आश्रमशाळेत ते मुलांची संचयिका चालवत. चार आणे, आठ आणे, कधी पाहुण्याने हातावर ठेवलेला रुपया. पत्र्याच्या पेटीत पैसे आणि रेघा मारलेल्या वहीत नोंद. संचयिकेचे पैसे परीक्षा संपली की परत करायची रीत होती. गुरुजी ते जूनमध्ये, शाळा उघडल्यावर देत. कोणी विचारलं तर म्हणत, ‘मे महिन्यात घरी हिरड्याचा पैसा असतो, हाही त्यात जाईल. भाताच्या आवणीच्या तोंडाला घरात दमडी नसते आणि वह्या तेव्हाच घ्यायच्या असतात.’

पुढे मी अर्थशास्त्र शिकलो आणि शिकवलं. वित्तीय समावेशन, वित्तीय वंचितता असे जड शब्द रोज वापरले. पण पैसा किती, यापेक्षा तो कधी हातात येतो हे गरिबाच्या घरात जास्त मोलाचं असतं, ही गोष्ट मला पेटीवाल्या गुरुजींनी आधी शिकवली होती. आजचं व्याख्यान त्याच धड्याची उजळणी आहे.

सुरुवात आपल्या जुन्नरपासूनच करू. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा या डोंगरांत मिळून दीडशेहून अधिक लेणी आहेत. आपण तिथे गणपतीला जातो, सहलीला जातो, भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे बघून पुढे सरकतो. त्या अक्षरांत पैशांचे व्यवहार कोरलेले आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, एक लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. आणखी एका लेखात एका दात्याने आपली ठेव दोन श्रेणींकडे ठेवली आहे: एक ‘वंसकारां’ची, म्हणजे वेळूकाम करणाऱ्यांची, आणि दुसरी ‘कंसकारां’ची, म्हणजे काशाची भांडी घडवणाऱ्यांची. आजच्या बोलीत सांगायचं तर सुमारे अठराशे वर्षांपूर्वी या गावात बुरूड आणि कासार ही बँक होती.

नाशिकच्या पांडवलेण्यातला उषवदाताचा लेख याहून तपशीलवार आहे. क्षत्रप राजा नहपानाच्या या जावयाने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच काढायचं नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर किरकोळ खर्च भागवायचा. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, ऐकवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला.

हे सांगून मी तुम्हाला सुवर्णयुगाच्या गोष्टीत नेत नाही. त्या काळीही गरीब होते, कर्ज होतं, दास्य होतं. मला एवढंच दाखवायचं आहे की हातांनी काम करणारा माणूस मुळातच पैशांच्या व्यवहाराला नालायक असतो, हे जे आज गृहीत धरलं जातं, ते या डोंगरांना ठाऊक नव्हतं. कायम टिकावी अशी ठेव लोक वेळू चिरणाऱ्यांच्या हवाली करत होते. मराठीत आपण याला ‘पत’ म्हणतो. एकाच शब्दात कर्ज मिळण्याची योग्यताही आहे आणि अब्रूही आहे. माणसाची पत गेली म्हणजे नुसतं कर्ज बंद होत नाही, चारचौघांत मान खाली जाते. मग प्रश्न असा, की बुरुडाची, ठाकराची, महादेव कोळ्याची, कातकऱ्याची पत गेली कधी, आणि ती गेली असं ठरवलं कोणी?

याचं एक उत्तर आंबेगाव तालुक्यातच आहे. जांभोरीचा होन्या भागोजी केंगले. 1873च्या सुमारास या महादेव कोळी तरुणाने टोळी उभी केली आणि सावकारांवर हल्ले सुरू केले. टोळीने सावकारांची नाकं कापली, असं इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये लिहिलेलं आहे. त्याला पकडायला सरकारला खास पोलीस बळ लावावं लागलं आणि 1876मध्ये मेजर डॅनियलने त्याला धरलं. इंग्रजी दफ्तरात तो दरोडेखोर आहे, जांभोरीच्या बाजूला तो वीर आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात तिसरीही गोष्ट दिसते. कर्जाच्या अटी इतक्या बिघडल्या होत्या की त्यांवर तक्रार करायला जागाच उरली नव्हती, आणि ती तक्रार शेवटी कोयत्याने नोंदवली गेली.

होन्या डोंगरात फिरत होता तेव्हाच, 12 मे 1875 रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणबी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं घेरली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात आहेत. या दंग्यांत माणसं फारशी मारली गेली नाहीत. लोकांनी मागितली ती खतं, म्हणजे कर्जरोखे, आणि ती मिळाली की जाळली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने शेतसारा वाढवला होता, आणि 1859च्या मुदतीच्या कायद्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी जुनं खत फाडून व्याजासकट नवं लिहून घेत होता. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. खतावर तो नांगराचं चित्र काढून ‘निशाणी नांगर’ करायचा. ती निशाणी सावकाराने कधी नाकारली नाही, कारण ती घेण्यात त्याचा फायदा होता. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

दंग्यांनंतर आयोग नेमला गेला आणि 1879मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ देणं किती ते तपासण्याचा अधिकार मिळाला. सावकारांनीही शहाणपण केलं. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. कायद्याने कर्जाची वाईट वाट बंद केली, पण चांगली वाट उघडली नाही. ती उघडावी म्हणून सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली, न्यायमूर्ती रानडे त्यामागे होते. इथल्या सरकारने ती उचलून धरली आणि 1880च्या दशकात लंडनच्या भारतमंत्र्याने ती फेटाळली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा व्हायला 1904 साल उजाडलं. पुणे जिल्हा मध्यवर्ती बँक 1917ची. म्हणजे सुप्यात खतं जळली त्यानंतर शेतकऱ्याच्या नावाची बँक या जिल्ह्यात यायला बेचाळीस वर्षं लागली.

आता संशोधनाकडे येतो. या विषयावरचं मोठं काम पुण्याशी जोडलेलं आहे याचा आपल्याला अभिमान असायला हरकत नाही. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने 1951-52मध्ये देशातल्या 75 जिल्ह्यांतल्या 600 गावांत ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. गोरवाला समितीने 1954मध्ये अहवाल दिला आणि पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा 3.1 टक्के निघाला, व्यापारी बँकांचा 0.9 टक्के, आणि सावकारांचा जवळजवळ 70 टक्के. पन्नास वर्षं सहकार चालवून ही अवस्था. समितीचा निष्कर्ष असा की सहकार फसला आहे, पण त्याला यशस्वी केल्याशिवाय गत्यंतर नाही. 1969मध्ये 19 जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. त्याच वर्षी गाडगिळांच्या अभ्यासगटाने प्रत्येक बँकेने एकेक भूभाग सांभाळावा अशी कल्पना मांडली. अग्रणी बँक योजना त्यातून आली.

पुढे 1977 ते 1990 या काळात नियम असा होता, की जिथे बँक आहे अशा ठिकाणी एक शाखा काढायची तर जिथे नाही अशा चार ठिकाणी काढावी लागेल. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी 2005मध्ये दाखवून दिलं की या खेडोपाडीच्या शाखांमुळे ग्रामीण दारिद्र्य घटलं. म्हणजे शाखा खेड्यात गेली की काहीतरी होतं, हे सिद्ध आहे. नियम गेला आणि उलटा प्रवास सुरू झाला. ग्रामीण कर्जात बँका, सोसायट्या अशा संस्थांचा वाटा 1991मध्ये 64 टक्के होता, तो 2002मध्ये 57 टक्क्यांवर आला. रंगराजन समितीने 2008मध्ये सांगितलं की देशातल्या 51.4 टक्के शेतकरी कुटुंबांवर कुठलंच कर्ज नाही, ना बँकेचं, ना सावकाराचं. कर्ज नाही म्हणजे बरंच आहे, असं शहरी माणसाला वाटेल. ज्याला आवणीच्या वेळी कोणीच दारात उभं करत नाही, त्याला ते बरं वाटत नाही.

‘वित्तीय वंचितता’ हा शब्द मात्र इंग्लंडचा. अँड्र्यू लेशॉन आणि नायजेल थ्रिफ्ट या भूगोलाच्या दोन अभ्यासकांनी 1990च्या दशकात तो रूढ केला. बँका गरीब वस्त्यांतल्या शाखा बंद करून निघून चालल्या होत्या. या दोघांनी नकाशा काढला आणि विचारलं, बँक कुठून जाते? भूगोलवाल्यांनी हा प्रश्न विचारला हे मला फार आवडतं. आंबेगाव-जुन्नरचा नकाशा समोर ठेवला तर तो लगेच समजतो. पूर्वेला मंचर, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर: कुकडी प्रकल्पाचं पाणी, कांदा, टोमॅटो, द्राक्षं, आडत, आणि रस्त्याच्या दुतर्फा बँका आणि पतसंस्थांच्या पाट्या. पश्चिमेला भीमाशंकर, आहुपे, हातवीज, घाटघर: पाच महिने पाऊस, खाचरातलं भात, वरकस जमिनीतली नाचणी-वरई, आणि हिरडा. धरणाचं पाणी पश्चिमेला अडतं आणि पूर्वेला शेतात जातं. डिंभ्याच्या पाण्याखाली तर तालुक्याला नाव देणारं आंबेगावच गेलं. पैशाचीही वाट बरीचशी पाण्यासारखीच आहे.

गेल्या वीस वर्षांत सरकारने एका गोष्टीवर जोर दिला: खातं. 2005मध्ये शून्य शिलकीची साधी खाती आली, आणि 28 ऑगस्ट 2014ला जनधन योजना. जागतिक बँकेच्या पाहणीत 2011मध्ये भारतातल्या 35 टक्के प्रौढांचं खातं होतं, 2017मध्ये 80 टक्क्यांचं. हा वेग थक्क करणारा आहे, आणि मी त्याला मनापासून दाद देतो. रोजगार हमीची मजुरी आता मुकादमाच्या हातून येत नाही. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, ही लहान गोष्ट नाही. पण 2017च्या त्याच पाहणीत असंही निघालं की भारतातल्या खातेदारांपैकी 48 टक्के लोकांनी वर्षभरात खात्याला हातही लावला नव्हता. खातं झालं. पत झाली का?

हे तपासायचं तर खात्यांची यादी मोजून भागत नाही, घर मोजावं लागतं. 2009मध्ये एक पुस्तक आलं, ‘पोर्टफोलिओज ऑफ द पूअर’. डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफोर्ड आणि ऑर्लांडा रुथव्हेन या चौघांचं. त्यांनी भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशे घरांचा पैसा वर्षभर, पंधरवड्यागणिक, डायरीत उतरवला. एकही घर असं निघालं नाही जे चारांहून कमी प्रकारांनी पैशाची देवघेव करत होतं. गरीब माणूस व्यवहाराबाहेर आहे ही समजूत या डायऱ्यांनी मोडीत काढली. उलट त्याच्याइतका व्यवहारात बुडालेला माणूस दुसरा नसेल.

पश्चिमेकडच्या एका वाडीत मी एका मावशींना हेच विचारलं. ओट्यावर बसून त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. बचतगटात दर महिन्याला भरायचे शंभर. वाडीतल्या बायकांची भिशी. दुकानाची उधारी, ती भात निघाल्यावर फिटते. भावाकडे ठेवलेले थोडे, नवऱ्याला न सांगता. नारायणगावच्या बागायतदाराकडून घेतलेली मजुरीची उचल. हिरड्याच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल. जावेला हातउसने दिलेले. कणगीत भाताखाली पुरलेली पुरचुंडी. आणि दोन शेळ्या. ‘शेळी म्हंजी आमची पावती हाये, मोडायची येळ आली का बाजारात न्यायची,’ असं म्हणत त्या हसल्या. मुदत ठेवीची इतकी नेमकी व्याख्या मी वर्गात कधी दिली नव्हती. नऊ प्रकार झाले. मग मी विचारलं, ‘आणि बँक?’ त्या म्हणाल्या, ‘हां, ते बी हाये की. सरकारचं पैसं येतात तिथं.’

‘सरकारचे पैसे येतात तिथे.’ त्यांच्या लेखी बँक म्हणजे सरकारी पैशाची खिडकी, स्वतःच्या पैशाची जागा नव्हे. उरलेले नऊ व्यवहार त्यांचे स्वतःचे आहेत, दहावा त्यांना वाटून दिलेला आहे.

त्या नवांपैकी हिरड्याची उचल जरा जवळून बघू. बाळहिरडा वेचायचा हंगाम एप्रिल-मे. झाडाखाली सडा पडतो. तो वेचायचा, अंगणात वाळवायचा. पैशाची नड मात्र जुलैत, आवणीला. व्यापारी तेव्हा वाडीत येऊन पैसे देतो. कागद नाही, फेरी नाही, आणि तोंडावर व्याजही नाही. अट एकच, हिरडा मलाच घालायचा. समजा, जुलैत दोन हजार उचलले आणि मे महिन्यात शंभर किलो हिरडा बाजारभावापेक्षा किलोमागे दहा रुपये कमी घेऊन घातला. उचल तर फिटलीच, वर हजार रुपये गेले. दहा महिन्यांत दोन हजारांवर हजार, म्हणजे वर्षाला शेकडा साठ. त्यात वजनकाट्याची तूट आणि ‘माल ओला आहे’ म्हणून काढलेलं वजन धरलेलं नाही. हे व्याज कुठल्याच वहीत नाही, म्हणून कुठल्याच पाहणीत नाही. 2014च्या राज्याच्या सावकारी कायद्यालाही ते सहजी सापडत नाही, कारण हातात खत नाही, गहाण नाही. एक भाव आहे फक्त.

आता सरकारी बाजू. आदिवासी विकास महामंडळाची एकाधिकार खरेदी आहे आणि 1978पासून खावटी कर्जाची योजना होती. पावसाळ्याच्या खडतर महिन्यांत घरात धान्य यावं, हाच तिचा हेतू. गुरुजींच्या पेटीमागचं तत्त्व सरकारलाही कळलं होतं तर. पण खावटी कधी वेळेवर, कधी उशिरा, आणि मध्ये बंदच पडली. करोनाच्या वर्षी ती चार हजारांच्या अनुदानाच्या रूपाने परतली, अर्धं खात्यावर आणि अर्धं वस्तूंत. अनुदान बुडत्याला हात देतं, पण त्याने पत तयार होत नाही. आणि ज्या महिन्यात ते हवं, तो महिना टळून गेला की तोवर व्यापारी वाडीत येऊन गेलेला असतो.

मग सोसायटी? पूर्वेकडच्या बागायतदाराचं काम सोसायटीवर चालतं. तिथेही तारखेचा फास आहेच. मार्चअखेर कर्ज भरायचं. हातात पैसे नसतील तर आठ-दहा दिवसांसाठी कोणाकडून तरी घ्यायचे, भरायचे, नवं कर्ज मिळालं की परत करायचे. आपण त्याला ‘नवं-जुनं’ म्हणतो. पन्नास हजारांना शेकडा दोनने घेतले तर शून्य टक्के व्याजाच्या कर्जाला हजार रुपये लागले. पश्चिमेकडे तर मार्च उलटल्यावर हिरड्याचा पैसा यायला लागतो. बँकेचं वर्ष जिथे संपतं तिथे या घरांचं कमाईचं वर्ष सुरू होतं, आणि कॅलेंडर बँकेचं असतं.

तारखेनंतर कागद. सातबाऱ्यावर आजोबांपासूनची वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही देवाघरी. आदिवासींची जमीन बाहेरच्याकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीची अट आहे. होन्याच्या काळातली लूट ज्याला ठाऊक आहे तो या अटीला हात लावू देणार नाही. 2006च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसांना जातो, पण विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. तेही योग्यच. अडचण अशी, की बँकेला पत म्हणजे तारण असंच दिसतं. वास्तविक रिझर्व्ह बँकेच्या नियमाने शेतकऱ्याला दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागतच नाही. मग अडतं कुठे? पीककर्जाचा दर, म्हणजे हेक्टरी किती रक्कम द्यायची तो आकडा, पिकावर ठरतो. द्राक्षाला तो भरघोस, नाचणीला किरकोळ. आणि झाडाखाली वेचलेला हिरडा हे पेरलेलं पीकच नव्हे. 2020च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याचं नुकसान केलं तेव्हाही भरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली.

आणि तिसरी गोष्ट, हात. गेल्या वर्षी एका बाजारगावातल्या एका शाखेत मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे पंच्याहत्तरीच्या आजी. पहाटेच्या गाडीने आलेल्या. यंत्रावर त्यांचा अंगठा उमटेना. एकदा, दोनदा, पदराला पुसून तिसऱ्यांदा. हिरड्यात तुरट रस असतो, त्याने बोटांची टोकं काळी आणि गुळगुळीत होतात. मागची रांग चुळबुळ करायला लागली. खिडकीतला मुलगा चांगला होता, वैतागलेला नव्हता. तो म्हणाला, ‘आजी, आधार अपडेट करून या.’ आजींनी हात उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, ‘बाळा, ह्यो हात बदलून मिळतो का तिथं?’ तो मुलगा काही बोलला नाही. मीही नाही. आजींच्या खापरपणज्याची नांगराची निशाणी सावकाराने क्षणात मान्य केली होती, कारण तिने जमीन घेता येत होती. आज पैसे देण्याची वेळ आहे आणि खरा जिवंत अंगठा ओळखू येत नाही.

यात सावकाराला किंवा व्यापाऱ्याला खलनायक करून सुटका नाही. तो टिकला, कारण तो वेळेवर येतो, दारात येतो आणि माणूस ओळखतो. त्याची किंमत जबर आहे, पण त्याची सेवा खरी आहे. त्याला हटवायचं तर सेवा तशीच आणि किंमत कमी, असं काहीतरी उभं करावं लागेल. हे अशक्य नाही याचा पुरावा शेजारच्या खेड तालुक्यात आहे. राजगुरुनगरला सुधा कोठारी यांच्या चैतन्य संस्थेने बायकांचे बचतगट बांधले आणि पुढे त्या गटांचा संघ उभा राहिला. नाबार्डने 1992मध्ये पाचशे गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला, आज ती देशव्यापी चळवळ आहे. बचतगटात कर्ज द्यायचं की नाही हे कोण ठरवतं? शेजारीण. तिला सातबारा लागत नाही. कोणाच्या घरी काय शिजतं हे तिला माहीत असतं. उषवदाताचा व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला होता. बचतगटाची बैठक ही त्याचीच गावठी नात आहे. पण तिथेही सावध राहायला हवं. आठवड्याला हप्ता मागणाऱ्या खाजगी मायक्रोफायनान्सचा माणूसही बायकांचा गटच करतो. वर्षातून दोनदा पैसा येणाऱ्या घराला आठवड्याचा हप्ता म्हणजे एक कर्ज फेडायला दुसरं.

आता माझा निष्कर्ष. शंभर वर्षांचं संशोधन आपण गरिबाकडे काय नाही ते मोजण्यात घालवलं: कर्ज नाही, शाखा नाही, खातं नाही. एकेक गोष्ट दिली गेली आणि प्रत्येक वेळी काहीतरी उरलं. जे उरतं ते म्हणजे अटी: हप्त्याची तारीख कोणाच्या हंगामाची, पुरावा म्हणून कोणता कागद, आणि ओळख पटवायची कोणी. गरीब माणूस वंचित आहे तो पैशापासून कमी आणि अटी ठरवण्यापासून जास्त. जुन्नरच्या त्या दात्याने बुरुडांकडे ठेव ठेवताना त्यांचा जमिनीचा उतारा पाहिला नसणार. त्यांची श्रेणी होती, तिची शिस्त होती, आणि गावाला ती ठाऊक होती. पत एकट्या माणसाची नव्हती, श्रेणीच्या संघटित शब्दाची होती.

म्हणून तीन विनंत्या करतो. इथे बसलेल्या महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना: या तालुक्यांत किती खाती आहेत ते पुन्हा मोजू नका, जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडे तो आकडा आहेच. एका वाडीतली दहा घरं घ्या आणि आवणीपासून हिरड्यापर्यंत, वर्षभर, त्यांची डायरी लिहा. उचलीचं लपलेलं व्याज काढा. बँकांच्या आणि सोसायट्यांच्या अधिकाऱ्यांना: जुलैत मिळणारं आणि मे-जूनमध्ये फिटणारं, बचतगटाच्या शब्दावर दिलेलं एक छोटं कर्ज आखा. चार-पाच हजारांचं चालेल. अंगठा उमटला नाही तर काय करायचं याची एक पाटी खिडकीवर लावा आणि तसं करा.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची, आणि ती आंबेगाव-जुन्नरच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना. 1996च्या पेसा कायद्याने आदिवासींना होणाऱ्या सावकारी कर्जावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपवला आहे. महाराष्ट्राचे त्याचे नियम 2014पासून लागू आहेत. इतका मोठा अधिकार आपल्या दप्तरात पडून आहे. वर्षातल्या ठरलेल्या ग्रामसभांपैकी एक 1 मे रोजी असते. तेव्हा हिरडा अंगणात वाळत असतो, माणसं कामावरून परतलेली असतात, आणि व्यापारी अजून वजन करून गेलेला नसतो. येत्या 1 मेला विषयपत्रिकेवर एकच विषय घ्या: गावात कोणी कोणाकडून किती उचल घेतली आणि हिरडा काय भावाने घालायचा ठरला आहे. ते मोठ्याने वाचून दाखवा, वहीत लिहा, आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्यांना सही येत नाही त्यांनी निशाणी करावी.